एक खिडकी, एक खुर्ची: घरातल्या उजेडात माणसाचा फोटो काढायला शिकताना

हा लेख एका खिडकीपुरता आहे. फोटोग्राफीतला प्रकाश शिकायचा म्हटले की बहुतेक जण आधी फ्लॅश, स्टँड, सॉफ्टबॉक्स यांच्या किमती पाहू लागतात. माझे म्हणणे असे की पहिले दोन-तीन महिने यांपैकी काहीही विकत घेऊ नये. घरातली एक खिडकी, एक खुर्ची आणि बसायला तयार असलेले घरातलेच एखादे माणूस एवढ्यावर काम करावे. कॅमेरा मोबाइलचा असला तरी चालतो. खिडकीतून येणारा उजेड फ्लॅशसारखा क्षणात येऊन जात नाही, तो डोळ्यांसमोर थांबतो, त्यामुळे खुर्ची वीतभर सरकवली की चेहऱ्यावर काय बदलले हे त्याच क्षणी पाहता येते.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्यामागे एक कारण आहे. आत्याच्या पंचाहत्तरीला मी तिचे फोटो काढले तेव्हा खोलीतली ट्यूबलाइट चालू होती, खिडकी तिच्या पाठीमागे होती आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून होता. चष्म्याच्या दोन्ही काचांवर पांढरे ठिपके आले, डोळे दिसेनासे झाले आणि कपाळ पिठासारखे पांढरे पडले. आत्या आता नाही, आणि तिचे डोळे नीट दिसतील असा एकही फोटो आमच्या घरी नाही. त्याच खोलीत, त्याच दुपारी, दिवा बंद करून आणि खुर्ची चार फूट सरकवून तो फोटो काढता आला असता, हे मला पुढे दोन वर्षांनी कळले.

आधी कणकेचा गोळा

माणसाला खुर्चीत बसवण्याआधी मोसंब्याएवढा कणकेचा गोळा घ्यावा. चिमटीने त्याला नाक काढावे, अंगठ्याने दाबून डोळ्यांच्या दोन खोबणी कराव्यात आणि तो खिडकीपासून दोन-तीन फुटांवर स्टुलावर ठेवावा. कणीक मला यासाठी सर्वांत सोयीची वाटते, कारण तिचा पृष्ठभाग चकचकीत नसतो, तिचा रंग त्वचेच्या जवळचा असतो आणि ती कंटाळत नाही. खोलीतले सगळे दिवे बंद करावेत. आता गोळ्याकडे पाहताना उजळ बाजूकडे पाहू नये. उजेड जिथे संपतो आणि सावली जिथे सुरू होते त्या सीमेकडे पाहावे. ती सीमा सुरीने कापल्यासारखी आहे, की उजेड हळूहळू विरत गेला आहे? नाकाची सावली कोणत्या दिशेला पडली आहे, ती ओठांपर्यंत पोचते का? खोबणींत उजेड उतरतो का? प्रकाशाविषयी जे काही शिकायचे आहे ते जवळजवळ सगळे या तीन प्रश्नांत येते, आणि तिन्ही प्रश्न सावलीचे आहेत.

सीमा कठोर की मऊ, हे उजेड किती प्रखर आहे यावर ठरत नाही, ही गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की करून घ्यावी. ते ठरते वस्तूच्या जागेवरून पाहिले असता उजेडाचा उगम केवढा दिसतो यावर. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, पण तो आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आकाशात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश भरते. म्हणून इतक्या प्रचंड ताऱ्याची सावली कठोर पडते. चार फूट उंचीची खिडकी दोन फुटांवरून पाहिली तर समोरचा बराचसा भाग व्यापते, म्हणून तिचा उजेड गालावरून वळून पलीकडेही थोडा पोचतो आणि सीमा विरघळते. तोच गोळा खोलीच्या पलीकडच्या भिंतीपाशी, बारा फुटांवर नेऊन पाहावा. खिडकी तीच, पण तिथून ती लहान दिसते आणि नाकाची सावली अधिक रेखीव होते. मऊ उजेड हवा असेल तर माणसाने खिडकीच्या जवळ यायचे असते. दूर गेल्याने उजेड मंद होतो, मऊ होत नाही, आणि या दोन शब्दांची गल्लत नवशिक्यांमध्ये मला सर्वांत जास्त दिसते.

याच गोळ्याच्या एका बाजूला बोटभर तेल लावावे. कोरडी बाजू आहे तशीच राहील, पण तेलकट बाजूवर खिडकीचे एक लहानसे, चकाकते प्रतिबिंब उमटेल. नीट पाहिले तर तिचे गजही त्यात ओळखू येतील. घामेजलेल्या कपाळावरची चमक म्हणजे हेच, उगमाचे प्रतिबिंब. उगम लहान असला तर ती चमक लहान आणि भगभगीत असते, मोठा असला तर ती पसरते आणि सौम्य होते. फ्लॅशच्या फोटोत कपाळ पांढरे का पडते आणि खिडकीपाशी तेच कपाळ नुसते सतेज का दिसते, याचे उत्तर तेलाच्या त्या डागात आहे.

खिडकी निवडताना

परदेशी पुस्तकांत उत्तरेची खिडकी सर्वोत्तम असे लिहिलेले असते, कारण त्या देशांत तिथून भर दिवसा थेट ऊन येत नाही. आपल्याकडे हे पूर्ण खरे नाही. मार्च ते सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरीप शिरते. मुंबई-पुण्याच्या परिसरात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणून दिशेपेक्षा तास पाहावा. ज्या खिडकीतून त्या वेळी थेट ऊन येत नाही, पण बाहेर मोकळे आकाश किंवा उन्हात न्हायलेली फिक्या रंगाची भिंत दिसते, ती त्या तासापुरती चांगली खिडकी.

थेट ऊन येणारीच खिडकी हाताशी असेल तर तिच्यावर पातळ, पांढरे सुती धोतर ताणून बांधावे. ऊन कापडावर पडले की कापडच उजेडाचा उगम बनते आणि अर्ध्या अंशाच्या सूर्याऐवजी चार फुटी पांढरा पडदा उजळतो. कापड चुरगळलेले असले तरी बिघडत नाही; ते रंगीत मात्र अजिबात नसावे.

खिडकीच्या खालच्या भागाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बसलेल्या माणसाच्या छातीच्या खाली असलेल्या खिडकीतून येणारा उजेड हनुवटीखालून वर चढतो आणि चेहरा विचित्र, तरंगता दिसू लागतो, कारण आयुष्यभर आपण माणसांना वरून येणाऱ्या उजेडात पाहिलेले असते. जुन्या वाड्यांतल्या खिडक्यांना वरच्या आणि खालच्या अशा वेगळ्या झडपा असत. तशी खिडकी मिळाली तर खालच्या झडपा लावून वरच्या उघड्या ठेवाव्यात. डोळ्यांच्या पातळीच्या वरून येणारा उजेड आपोआप तयार मिळतो. फ्लॅटमधल्या सरकत्या तावदानांना हे जमत नाही, तेव्हा खालच्या अर्ध्या भागावर गडद चादर अडकवावी.

खुर्ची फिरवणे

आता माणूस. खुर्ची खिडकीपासून तीन फुटांवर, बसणाऱ्याचा एक खांदा खिडकीकडे येईल अशी ठेवावी, आणि आपण खिडकीला समांतर उभे राहावे, म्हणजे उजेड आपल्याही बाजूने येईल. समोरच्याला सरळ कॅमेऱ्याकडे पाहायला सांगितले की अर्धा चेहरा उजळ आणि अर्धा काळोखात जातो. म्हातारी, सुरकुतलेली, करारी मुद्रा असेल तर हा अर्धा उजेड तिला शोभतो. लहान मुलाला तो सहसा शोभत नाही.

त्यानंतर कॅमेरा न हलवता त्यांना हळूहळू चेहरा खिडकीकडे वळवायला सांगावे. घरातले वडीलधारे असतील तर घाई करू नये. "आजोबा, नाक थोडे खिडकीकडे न्या, अजून थोडे, बस्स" इतक्या साध्या शब्दांत सांगावे आणि आपण फक्त सावलीच्या बाजूच्या गालाकडे पाहत राहावे. एक क्षण असा येतो की नाकाची सावली आखडत जाते, पण गालाच्या सावलीला अजून चिकटलेली असते आणि त्या काळोख्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक लहान त्रिकोण तेवढा उरतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या व्यक्तिचित्रांत हा त्रिकोण वारंवार दिसतो, म्हणून या मांडणीला त्याचेच नाव पडले आहे. तिथे थांबावे, फोटो घ्यावा, मग चेहरा आणखी वळवून खिडकीकडे पूर्ण झाला की पुन्हा एक घ्यावा. या मधल्या पाच-सहा फोटोंत एकाच माणसाची पाच-सहा वेगळी माणसे झालेली दिसतात आणि प्रकाशाची दिशा म्हणजे काय हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

दोन गोष्टी प्रत्येक वेळी तपासाव्यात. पहिली, दोन्ही बुबुळांत खिडकीचा ठिपका आहे का. तो ठिपका नसला की डोळे विझल्यासारखे दिसतात. तो बुबुळाच्या वरच्या भागात, घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी यावा. दुसरी, चष्मा. काचेवर उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत फिरतो, म्हणून चष्म्यात खिडकी दिसू लागली तर फोटोवाल्याने वाकण्यापेक्षा बसलेल्या माणसाने हनुवटी बोटभर खाली घ्यावी किंवा चष्म्याच्या काड्या कानांवर थोड्या वर उचलाव्यात. काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब जमिनीकडे निघून जाते. चष्मा काढायला मात्र सांगू नये. ज्यांनी चाळीस वर्षे चष्मा लावला आहे त्यांचा तो चेहराच असतो.

फुटांचा हिशेब

उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. हा नियम काटेकोरपणे लहान उगमाचा आहे. मोठ्या खिडकीला अगदी चिकटून बसलेले असताना घट याहून मंद असते, पण चार-पाच फुटांच्या पुढे तो व्यवहारात पुरेसा लागू पडतो. याचा खरा उपयोग पार्श्वभूमीसाठी होतो. माणूस खिडकीपासून तीन फुटांवर आणि मागची भिंत नऊ फुटांवर असेल तर भिंतीवर सुमारे एक-नवमांश उजेड पोचतो, म्हणजे ती तीन स्टॉपहून थोडी अधिकच काळवंडते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे). तीच भिंत, पण माणूस आठ फुटांवर नेऊन बसवला तर दोघांतला फरक नावापुरता उरतो. मागे कपाट, कॅलेंडर, इस्त्रीचे कपडे असा पसारा असेल तर तो हलवण्यापेक्षा माणसाला खिडकीजवळ ओढावे. पसारा आपोआप अंधारात जातो. उलट माजघरातली भांड्यांची मांडणी, देवघर, झोपाळा फोटोत हवा असेल तर माणसाला खोलीत आत न्यावे. ज्या घरांत सामान हलवायला जागाच नसते तिथे या एका गोष्टीने माझी जितकी अडचण सोडवली आहे तितकी कोणत्याही लेन्सने सोडवलेली नाही.

पांढरी चादर आणि काळी छत्री

सावलीची बाजू फार काळी वाटली तर तिकडे दुसरा दिवा लावू नये. थर्माकोलचा तुकडा, पांढरी चादर किंवा धुतलेला पंचा त्या बाजूला दोन फुटांवर धरावा. खिडकीचाच उजेड त्यावर आदळून परत येतो आणि सावली उघडते. तो किती जवळ धरायचा याचे माप डोळ्यांनी घ्यावे. मी सहसा गालापाशी नेऊन मग वीत-वीत मागे घेत जातो आणि सावली पुन्हा दाटू लागली की थांबतो. सावली पूर्ण पुसली गेली तर चेहरा पुरीसारखा सपाट दिसतो.

याच्या उलटे तंत्र त्याहून उपयोगी आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. लहान, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत उजेड चारही बाजूंनी परततो आणि कितीही खुर्ची फिरवली तरी चेहऱ्याला आकार येत नाही. अशा वेळी सावलीच्या बाजूला काळी छत्री उघडून धरावी. ती भिंतीवरून येणारा उजेड अडवते आणि गालाचा उतार, जबड्याची कड पुन्हा दिसू लागते. आपल्याकडे ही छत्री प्रत्येक घराच्या दाराआड टांगलेली असते.

परतलेल्या उजेडाचे सामर्थ्य भारतीय छायाचित्रणात कुणी दाखवून दिले असेल तर ते सुब्रत मित्र यांनी. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. वरून झिरपणारा आकाशाचा सौम्य उजेड तिथे आणण्यासाठी मित्र यांनी सेटच्या वर पांढरे कापड ताणले आणि स्टुडिओचे दिवे खालून त्या कापडावर टाकले. थेट दिव्याऐवजी दिव्याने उजळलेले कापड हा उगम झाला. आपण पंचा धरतो तेव्हा तत्त्व तेच असते.

भिंतींच्या रंगाकडे मात्र लक्ष ठेवावे. आपल्या घरांत पिस्ता, गुलाबी, आकाशी असे ऑइलपेंट आवडीने दिले जातात, आणि अशी प्रत्येक भिंत तिच्या रंगाचा उजेड गालावर टाकते. हिरव्या भिंतीपासून दोन फुटांवर बसलेला माणूस आजारी दिसतो आणि नंतर संगणकावर ते सहजी सुधारता येत नाही, कारण चेहऱ्याची एकच बाजू हिरवी असते. भिंतीवर पांढरी चादर टांगणे हा त्यावरचा उपाय.

कॅमेऱ्याला काय सांगायचे

सुरुवातीचे माप म्हणून, स्वच्छ दिवशी, ऊन थेट न येणाऱ्या खिडकीपासून तीन फुटांवर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ४००, एफ (लेन्सच्या छिद्राचे माप) ४ आणि शटर (उजेड आत येऊ देण्याचा वेळ) १/१२५ सेकंद इथून सुरू करावे आणि पडद्यावर पाहून वर-खाली करावे. खिडकीचा उजेड बदलत नाही तोवर हे आकडे हाताने पक्के करून ठेवावेत, म्हणजे प्रत्येक फोटोत कॅमेरा नवा अंदाज बांधत बसणार नाही.

तो अंदाज चुकतो कसा, हे कळायला हवे. कॅमेऱ्याचे मापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि पांढरे धोतर नेसलेले आजोबा चौकटीत आले की इतका पांढरा रंग पाहून ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा एकूण उजेड, कमी करते आणि त्यांचा सावळा, उन्हाने रापलेला चेहरा काळा ठिक्कर होतो. अशा वेळी कॅमेऱ्यातली एक्स्पोजरची भरपाई एक स्टॉपने वाढवावी, किंवा त्याहून बरे, स्पॉट मीटरने, म्हणजे एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणाऱ्या मापकाने, उजळ गालावर माप घ्यावे. मोबाइलमध्ये गालावर बोट दाबून धरले की फोकस आणि एक्स्पोजर तिथे बांधले जाते. मग शेजारची खूण बोटाने वर-खाली सरकवून उजेड हवा तितका ठेवता येतो. काळोख्या खोलीत सावळा चेहरा असेल तर उलटे घडते, मापक सगळेच उजळ करू पाहते आणि कपाळाचा तपशील जातो. तेव्हा खूण खाली आणावी.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सावळ्या माणसाचा फोटो म्हणजे तो गोरा करून दाखवायचा, ही सवय आपल्याकडच्या फोटोंत खोलवर मुरलेली आहे, आणि मोबाइलमधले सौंदर्याचे मोड ती सवय आता न विचारता लादतात. ते मोड बंद करावेत. सावळ्या त्वचेला आकार देते ती तिच्यावरची चमक, म्हणून तिच्यासाठी उजेड वाढवण्यापेक्षा उगम मोठा करावा आणि बाजूने आणावा. गालाच्या हाडावरून खिडकीचे रुंद, सौम्य प्रतिबिंब सरकत गेले की तो चेहरा फोटोत जितका देखणा दिसतो तितका कोणत्याही पावडरने दिसत नाही. त्वचा आहे त्या रंगाचीच राहू द्यावी.

दोन रंगांचे उजेड

उजेडाला रंग असतो आणि तो केल्विनमध्ये मोजतात. पणतीची ज्योत सुमारे १९००, पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दुपारचा सूर्यप्रकाश सुमारे ५५००, आपल्याकडची पांढरी ट्यूब बहुधा ६५००, आणि निरभ्र आकाशाखालची सावली ७००० च्याही पुढे. आकडा जितका मोठा तितकी झाक निळी. कॅमेरा यांतल्या एकाच रंगाला पांढरा मानू शकतो; त्या निवडीला व्हाइट बॅलन्स म्हणतात. म्हणून खिडकीपाशी काम करताना घरातले दिवे बंद ठेवावेत, ही सूचना मी लेखाच्या सुरुवातीलाच दिली. बंद करणे शक्यच नसेल, उदाहरणार्थ लग्नघरात, तर खिडकीचा उजेड अडवून पूर्णपणे दिव्यांच्या उजेडात काम करावे; अर्धे हे आणि अर्धे ते असे कधी करू नये.

दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर त्याचे कारण विजेत आहे. भारतात वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की प्रत्येक फोटोला सारखाच उजेड मिळतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी १/६० किंवा १/१२० ठेवावे, तिथली वीज ६० आवर्तनांची आहे.

अंगण, उंबरठा आणि दुपार

घराबाहेर आल्यावरही खिडकीचाच विचार सोडू नये. मेच्या मध्याला, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. त्या दिवसांत भर दुपारी अंगणात काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला ४७-४८ अंशांवरच चढतो, त्यामुळे हिवाळ्यातली दुपार वाटते तितकी वाईट नसते. संध्याकाळचा सोनेरी उजेड इकडे तासभर टिकत नाही. सूर्य आपल्याकडे बराच सरळ खाली उतरतो, शेवटचे सहा अंश उतरायला त्याला साधारण पंचवीस मिनिटे लागतात, म्हणून जागा आणि माणूस आधीच ठरवून तयार राहावे.

उन्हाळ्यातल्या दुपारी माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे उंबरठा. माणसाला दाराच्या आत दीड-दोन फुटांवर, तोंड अंगणाकडे करून बसवावे. वरून छप्पर असल्याने डोक्यावरचा उजेड अडतो आणि उन्हाने तापलेले अंगण समोरून चेहऱ्यावर उजेड फेकते. अंगण शेणाने सारवलेले असेल तर त्या उजेडाला ऊबदार, तपकिरी झाक येते. शहाबादी फरशीचे असेल तर तो करडा आणि थंड असतो. तो खालून येत असल्यामुळे हनुवटी फार उचलू देऊ नये. माणूस आणखी आत, चार-पाच फुटांवर गेला की आकाशाचा वाटा कमी होऊन जमिनीचा वाढतो आणि चेहरा बिघडतो, म्हणून दोन फुटांची ही मर्यादा पाळावी.

पावसाळ्यातला ढगाळ उजेड मऊ असतो एवढे सगळ्यांना माहीत असते, पण तो मुख्यतः माथ्यावरूनच येतो. उघड्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांखाली म्हणूनच सावळे ठसे राहतात. पडवीच्या कडेला, पागोळ्यांच्या आत उभे केले की ते जातात.

जर आणि मोती

पैठणी नेसून, नथ घालून बसलेल्या बाईंचा फोटो काढताना हमखास काठ काळे आणि पदर सपाट येतो. जर आणि सोने यांना स्वतःची अशी उजळ बाजू नसते. समोर जे असेल त्याचे ते प्रतिबिंब दाखवतात. समोर अंधारी खोली असेल तर सोन्याचा काठ काळा दिसतो. म्हणून काठ ज्या दिशेला "पाहतो" त्या दिशेला पांढरी चादर हवी. ती चौकटीच्या बाहेर, थोडी खाली धरली की काठ एकदम पेटतो. पदरावरचे मोर आणि विणीचा पोत दिसायला मात्र उजेड कापडाला घासून जाईल असा, अगदी तिरपा हवा. खांदा खिडकीला लावून पदर कॅमेऱ्याकडे घेतला की ते साधते. नथीच्या प्रत्येक मोत्यात खिडकी दिसते. त्यात काळी छत्री किंवा आपले डोके दिसत नाही ना, हे फोटो मोठा करून तिथल्या तिथे पाहून घ्यावे.

दिवेलागणीनंतर

खिडकीवर हात बसला की फ्लॅश अवघड राहत नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोर न रोखता बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवावा. भिंतीचा चार-पाच फुटांचा भाग उजळतो आणि तीच आपली खिडकी होते. भिंत बरीच ताकद खाऊन टाकते, म्हणून आयएसओ ८०० पर्यंत वाढवावा. भिंत रंगीत असेल तर पुन्हा चादर. मोबाइलचा फ्लॅश वळवता येत नाही, तेव्हा तो वापरूच नये.

समईच्या उजेडातला फोटो हा शेवटचा आणि सर्वांत नाजूक धडा. ज्योत लहान असते, म्हणजे सावली कठोर. समई जमिनीवर असते, म्हणजे उजेड खालून. म्हणून समई पाटावर किंवा स्टुलावर चढवून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावी, पाचही वाती लावाव्यात आणि ती चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर बाजूला ठेवावी. पदर आणि केस जपावेत. आयएसओ ३२००, एफ २, शटर १/६० इथून सुरुवात करून व्हाइट बॅलन्स हाताने सूर्यप्रकाशावर, ५५०० वर ठेवावा, नाहीतर कॅमेरा ज्योतीचा पिवळेपणा चूक समजून धुऊन टाकतो. फोटो अंधारा आला तरी चालेल. गालाचा एवढासा भाग, नाकाची कड आणि डोळ्यातली ज्योत इतके दिसले की पुरे. शटर दाबण्याआधी पंखा बंद करायला विसरू नये, आणि वाती स्थिर व्हायला मिनिटभर वाट पाहावी.